आधी चहा सांगा

प्रोग्राम चालवायचा कंटेनर बंद केला म्हंजे संपला, असं आमाला वाटायचं. तसं नसतं. बंद केलेला कंटेनर कॉम्प्युटरमधी तसाच पडून ऱ्हातो, थरावर थर लागतात, आन् एक दिवस मशीन म्हणतं, जागा न्हाई. आमच्या खोलीतल्या किश्श्यांचं बी तेच झालंय. जागा करायची म्हणून सांगतो. बरेचसे माझ्याच बावळटपणाचे हायेत, त्यामुळं कुणाची परवानगी लागत न्हाई.

खोली म्हंजे अकोले गावच्या स्टँडमागं, बाळूदादाच्या झेरॉक्सच्या दुकानावरची. शुभाताई तिथं बसून पुण्याच्या कंपनीची नोकरी करतात आन् उरलेल्या वेळात ‘विहीर’ नावाचा प्रोग्राम सांभाळतात. गावच्या विहिरीत दोरी सोडायची, पाणी किती खाली हाय ते मोजायचं, मोबाईलवर टाकायचं. एवढंच. प्रोग्राम फुकट, त्याचा कोड सगळ्यांना उघडा, कुणीबी सुधारावा. बाळूदादा दुकानातनं वेळ काढून सुधारतो. आन् तिसरा मी, पप्या. अकरावी अर्धी सोडून मी डायरेक्ट सुधारायलाच आलो.

आबांची, म्हंजे माझ्या वडलांची, एक अट हुती. प्रोग्राममधी ज्याचा बदल घेतला जातो त्याचं नाव एका यादीत लागतं. आबा म्हणले, "दिवाळीपातूर त्या यादीत तुझं नाव दिसलं तर ऱ्हा तिथं. न्हाईतर शिर्डीला, मामाच्या हाराच्या दुकानात."

शिर्डीला माझी ना न्हाई. पण मामा पहाटे चारला झेंडू ओवायला बसवतो. चार वाजता मला माझं नाव बी आठवत न्हाई.

*

पारनेरकडच्या एका सरपंचांचा ताईंना फोन आला. "मॅडम, तुमच्या मोबाईलमधी आमच्या गावात पूर आलाय."

झालं असं, की पाणी काठापासून किती खाली हाय तो आकडा टाकायचा असतो. म्हंजे शून्य टाकलं की विहीर काठोकाठ. त्यांच्या माणसानं कोरड्या विहिरीपुढं शून्य टाकलं, कारण पाणी शून्य. नकाशावर गाव निळंशार!

"हे बघून आमचा टँकर बंद केला, तर पाणी तुमी आणून देणार का?"

ताईंनी फोन ठेवला आन् माझ्याकडं बघितलं. "पप्या, ही दुरुस्ती तुझी."

काम सोपं हुतं. आधी विचारायचं, पाणी हाय का? न्हाई म्हणला तर आकडा मागायचाच न्हाई. पोराटोराला जमंल असं. म्हणून मला तीन महिने लागले.

*

दुरुस्ती बरोबर हाय का ते तपासायला टेस्ट लिहायची असती. मी लिहिली. घरच्या कॉम्प्युटरवर पास, ताईंच्या लॅपटॉपवर नापास. मी म्हणलं, "ताई, माझ्याकडं चालतंय." दुसऱ्या दिवशी बी तेच म्हणलं. तिसऱ्या दिवशी ताई म्हणल्या, "दाखव."

मी दाखवायला घेऊन आलो. अख्खा सीपीयू गोधडीत गुंडाळला, बाळूदादाच्या गाडीवर मागं धरून बसलो आन् गावापासून खोलीपातूर आणला. जोडला, टेस्ट चालवली. पास.

"छान," ताई म्हणल्या. "आता हा बाकीच्या गावांत कोण घेऊन जाणार?"

नंतर कळलं, माझी टेस्ट माझ्याच डेस्कटॉपवरच्या फाईलमधनं आमच्या घरच्या विहिरीचे आकडे वाचत हुती. बाळूदादा म्हणला, "गोधडी मोठी घ्यायची ना. विहीर तेवढी घरी ऱ्हायली."

*

त्या दिवशी ताईंनी कंटेनर काढले. मला समजंना, तर म्हणल्या, "लग्नात आचारी येतो ना, तो आपली भांडी, आपली शेगडी, आपला मसाला घेऊन येतो. तुमच्या घरातला तवा वाकडा असला तरी त्याला फरक पडत नाही. कुठल्याही गावात त्याची भाजी तीच. कंटेनर म्हणजे तसं. प्रोग्रामला जे जे लागतं ते सगळं त्याच्याबरोबर. काय काय आणायचं ते एका फाईलमध्ये लिहायचं, की प्रत्येकाच्या मशीनवर तोच आचारी उभा राहतो."

मी विचार केला. "पण ताई, पाणी तर आचाऱ्याला घरवाल्याचंच लागतं."

ताई म्हणल्या, "त्याला नेटवर्क म्हणतात."

मला वाटलं मी लई भारी बोललो. तेवढ्यात नेट गेलं आन् आचारी तासभर बसून ऱ्हायला.

*

मग मी कंटेनरच्या आतच काम करायला लागलो. आत सगळं नवंकोरं, झाडूनपुसून. दोन दिवस खपलो, दुरुस्ती जवळजवळ झाली. तेवढ्यात मशीन म्हणलं, जागा न्हाई. जुने बंद कंटेनर साफ करायचा एक हुकूम असतो. मी दिला. मशीननं विचारलं, नक्की का? मी म्हणलं, नक्की.

लई जागा झाली. माझा कंटेनर बी तवा बंदच हुता, त्यात माझे दोन दिवस बी गेले.

घरी जेवलो न्हाई. आईनं विचारलं काय झालं, तर सांगितलं, की आत ठेवलं हुतं आन् आतलं सगळं पुसलं.

आई भाकरी थापता थापता म्हणली, "मग आत कशाला ठेवायचं? आपलं सामान भाईर ठेवायचं, आत नुसतं काम करायला जायचं."

दुसऱ्या दिवशी ताईंनी मला अर्धा तास तेच शिकवलं. फाईली भाईर ठेवायच्या आन् कंटेनरला नुसती वाट दाखवायची. मी म्हणलं, "आईनं सांगितलंय." ताई म्हणल्या, "मग तू कशाला येतोस? त्यांना पाठव."

*

आता खरं सांगायचं तर कंटेनर आल्यापासून मी बेकार झालो हुतो. त्याआधी बाळूदादाच्या लॅपटॉपमधी मी रोज कायतरी करून ठेवायचो. एकदा असं केलं, की हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडली की पयलं लिहून यायचं, ‘आधी चहा सांगा’. आन् ‘सांगितला’ असं टाइप केल्याबिगर पुढं जायचंच न्हाई. दादानं चार दिवस खरंच चहा सांगितला. पाचव्या दिवशी मला हाणला.

पण कंटेनरमधी दरवेळी सगळं नवंकोरं. माझी खोडी भाईरच ऱ्हायची. माणसानं जगायचं कसं?

मग बाजारच्या दिवशी, दादा भाजी आणायला गेल्ता तवा, मी त्याच्या लॅपटॉपवरनं, त्याच्याच नावानं, चहाची ओळ थेट आचाऱ्याच्या फाईलमधी टाकून दिली. म्हंजे जो कुणी कंटेनर उघडंल त्याला चहा सांगावाच लागंल. मला वाटलं, जो कुणी म्हंजे आमी तिघं.

*

केरळातला एक माणूस हाय, आमच्यातल्या कुणी त्याला बघितलेला न्हाई. तिकडच्या विहिरींसाठी तो बी हाच प्रोग्राम वापरतो. त्याची मेल आली. ताईंनी ती आमाला मराठीत करून वाचून दाखवली, चेहरा एकदम सरळ ठेवून.

"तुमची सुरक्षाव्यवस्था आवडली. नवीन लोकांना अडचण येऊ नये म्हणून मी माहितीच्या पानात भर घातली आहे. पायरी चौथी : मशीन तुमच्या लिपीत काहीतरी विचारते. खाली दिलेला शब्द जसाच्या तसा चिकटवा. कारण विचारू नका, मीही विचारले नाही."

दादा माझ्याकडं बघत हुता. मी पंख्याकडं.

"शिस्तीचा माणूस आहे," ताई म्हणल्या आन् लॅपटॉप मिटला. मला वाटलं, सुटलो.

*

दिवाळीला दोन दिवस. माझी दुरुस्ती तयार. घरी पास, दादाकडं पास, ताईंकडं पास. आबा स्वतः आले, डेअरीत दूध घालून, हातात रिकामी किटली. "बघू तरी कसं नाव लागतंय."

त्याच आठवड्यात ताईंनी नवी सोय केली हुती. बदल पाठवला की इंटरनेटवरचं एक मशीन आपोआप नवा कंटेनर उघडतं, सगळ्या टेस्ट चालवतं आन् हिरवी खूण देतं. हिरवी आली की बदल आत, नाव यादीत. मी बटण दाबलं. पिवळा ठिपका फिरायला लागला.

पाच मिनिटं. धा मिनिटं. खालनं चहा आला. आबांनी पिला. वीस मिनिटं.

"कुठं अडकलंय?" आबा म्हणले.

तवा माझ्या ध्यानात आलं. त्या मशीननं कंटेनर उघडला असणार. आतनं ते विचारत असणार, आधी चहा सांगा. आन् तिथं टाइप करायला कुणीच न्हाई.

मी हळूच म्हणलं, "ताई, एक ओळ काढावी लागंल."

"कुठली?"

"चहाची."

ताईंनी फाईल उघडली. ओळीपुढं नाव बाळूदादाचं. दादा उठून उभा ऱ्हायला. "आईशप्पथ, मी न्हाई."

"माहितीये," ताई म्हणल्या. "बाजारच्या दिवशीची आहे. त्या दिवशी तू इथं नसतोस. मी महिनाभर रोज ‘सांगितला’ टाइप करतेय. बघत होते, ज्याची खोडी त्याच्याच पायात कधी येते."

मी माझ्या नावानं ती ओळ काढली, पाठवली. एका मिनिटात हिरवी खूण. विहिरीची दुरुस्ती मागं रांगेत लागली, आन् यादीत माझं नाव आलं. पुढं काय बदल केला ते बी लिहून येतं. आबांनी चष्मा लावला आन् बोट ठेवून मोठ्यांदा वाचलं.

"चहाची ओळ काढली." मग चष्म्यावरनं माझ्याकडं बघितलं. "टाकली कुणी हुती?"

मी म्हणलं, "मीच."

आबांनी किटली उचलली.

"मॅडम, ह्याला हितंच ऱ्हाऊ द्या. मामाकडं पाठवला तर तयार हार उसवंल, परत ओवंल, आन् दोन्हीला स्वतःचं नाव लावंल."