मेव्हण्याची यादी आणि माझा बुधवार

मेव्हणा सहा वर्षं माझ्या ठिबक सिंचनाच्या दुकानात होता. नळ्या जोडायला मी शिकवलं, गिऱ्हाईक धरायलाही मीच. मग त्यानं एरंडोलमध्येच, माझ्या बरोब्बर समोर दुकान टाकलं. तेही मी गिळलं. गिळवेना ते शेतकऱ्यांचं एक वाक्य: "तो सांगतो त्या दिवशी येतो."

भाऊबीजेला बायकोबरोबर त्याच्याकडे गेलो, तर कॉम्प्युटर उघडाच. पडद्यावर कामांच्या यादीचं एक अ‍ॅप, त्यात दुसऱ्या दिवसाची कामं, फक्त तीन.

"एवढीच?" मी मुद्दाम हसलो.

"दाजी, चौथं लिहायचंच नाही. चौथ्याला सरळ पुढचा दिवस सांगायचा."

दुसऱ्याच दिवशी तेच अ‍ॅप मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर घेतलं. त्याला काही विचारलं नाही, मेलो तरी विचारणार नाही. काम लिहा, तारीख टाका, एवढंच होतं. मी सगळी कामं भरली आणि गिऱ्हाइकांना सांगितलेल्या तारखा टाकल्या. तिथंच फसलो. शनिवारी जमणार असेल तर मी बुधवार सांगतो. भाव करताना पहिला आकडा कुणी खरा सांगतो का? माणूस हातचा जाऊ नये, बस्स.

बुधवारी पडद्यावर अकरा कामं उभी राहिली. संध्याकाळपर्यंत दोन झाली, नऊ लाल. मी कॉम्प्युटरवर खेकसलो, फिटरवर खेकसलो. मग दातओठ खात बसलो आणि प्रत्येक कामाची खरी तारीख टाकली.

सोमवारी नाना आले. केळी लावणारं माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. रोपं रविवारी यायची होती, त्याआधी ठिबक पसरायला हवं होतं. नाना गेले तर त्यांच्यामागे अर्धं गाव समोर जाणार, हे मला ठाऊक होतं. तरी पडदा बघून मी आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो, "नाना, शनिवारी येतो."

नानांनी बोटांवर वार मोजले.

"तुना बुधवार म्हंजे शनवार, बठ्ठा गावले म्हाईत शे. तेच धरीसन मी रोपे मांगाडात. आते तू शनवार म्हनस, म्हंजे मंगळवारच ना?"

"नाही हो नाना! शनिवार म्हणजे शनिवार! कागदावर लिहून देतो!" माझा आवाज चढला.

"लिखी ठेव. तवलोंग मी समोर जाई येस."

मी पेन शोधत होतो, तोवर नाना रस्ता ओलांडून गेले. समोर त्यांनी काहीतरी विचारलं. मेव्हण्यानं पडद्याकडे बघितलं आणि नुसती मान डोलावली. नाना तिथंच खुर्ची ओढून बसले, चहा आला.

ना कागद, ना शपथ. नुसती मान. सहा वर्षं माझ्या हाताखाली काढून हे तो कुणाकडून शिकला, ते मला अजून कळलेलं नाही.