कोरफडीच्या पाण्यातले नर

“मॅडम, त्या सप्लायरनं मला समद्या माद्याच दिल्या! केसच टाकतो त्याच्यावर!”

रावसाहेब कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून ओरडत होते. मी काठावर होते. हातात त्यांचा रोहू मासा, आणि माझ्या ड्रेसवर त्याच्या शेपटीने उडवलेला चिखल.

मी मत्स्यव्यवसाय सल्लागार आहे. मासे आजारी पडले की नगर जिल्ह्यातले लोक मला फोन करतात, आणि बहुधा उशिराच करतात. रावसाहेबांची शिंगणापूरजवळ हॅचरी आहे. हॅचरी म्हणजे माशांचं प्रसूतिगृह. पावसाळ्यात नर-मादीला इंजेक्शन द्यायचं, अंडी मिळवायची आणि पिल्लं शेततळेवाल्यांना विकायची. हा सीझन हुकला की वर्ष हातचं गेलं. यंदा माद्या तयार होत्या, शेततळेवाले तगादा लावत होते आणि नर मात्र सापडत नव्हते.

सीझनमध्ये नराचा छातीजवळचा पर खरखरीत लागतो. पोट हलकेच दाबलं की मिल्ट येतं, म्हणजे दुधासारखं पांढरं वीर्य. इथे सगळ्यांचे पर गुळगुळीत आणि मिल्टचा थेंब नाही. शेवटी मी एक मासा कापला. रावसाहेबांनी मान फिरवली. आत दोऱ्यासारखं बारीक वृषण होतं.

“हा नरच आहे. सप्लायरला सोडा.”

“मंग ह्याला झालं काय?”

तेच कळेना. इतर माशांच्या रक्ताचे नमुने बर्फात घालून लॅबला पाठवले. रिपोर्ट पाहून मी चक्रावले. अंड्यातला बलक ज्या प्रथिनापासून बनतो, ते नरांच्या रक्तात होतं! हे प्रथिन मादीचं शरीर बनवतं. नर ते बनवायला लागला, तर पाण्यातलं काहीतरी मादीचं हार्मोन असल्यासारखं त्याच्या शरीराला फसवतंय असं समजायचं.

“तळ्यात काय काय घालता?” मी विचारलं.

“शेन, पेंड, बोअरचं पानी. दुसरं काय न्हाई.”

हे उत्तर मला सगळीकडे मिळतं, त्यामुळे मी तळ्याला फेरी मारली. कोपऱ्यात एक पाइप सापडला. तो शेजारच्या शेडमधून येत होता. तिथे रावसाहेबांच्या पत्नी सुनीताताई आणि त्यांचा बचत गट कोरफडीचं जेल बनवतात. देवस्थानाजवळच्या दुकानांत भाविक ते घेतात. टाक्या धुतलेलं पाणी थेट तळ्यात येत होतं. आमच्या दुष्काळी भागात पाणी वाया घालवणं म्हणजे पाप.

“आमच्यात कोरफडीशिवाय काही नसतं हां मॅडम,” सुनीताताई म्हणाल्या.

“मग जेल वर्षभर टिकतं कसं?”

“ती पावडर... तेवढी घालावी लागते.”

पाकिटावर पॅराबेन लिहिलेलं होतं. क्रीम-शाम्पूला बुरशी लागू नये म्हणून ते घालतात. माशाच्या शरीरात ते मादीच्या हार्मोनची नक्कल करू शकतं. पण नक्कल अगदी कच्ची. नुसत्या धुवणाने एवढ्या नरांची ही गत होईल, हे मला पटेना. मी तसं बोलून दाखवलं.

रावसाहेब खाकरले. “एक्स्पायरीच्या बाटल्याबी मीच वततो तळ्यात. दुकानातनं गोण्या भरून परत येत्यात. कोरफड अंगाला चांगली, मंग माशाला वंगाळ कशी असंल?”

“मी म्हणत होते ना, तळ्यात ओतू नका!” सुनीताताई कडाडल्या. मग एकदम खालच्या आवाजात मला म्हणाल्या, “मॅडम, गावात बोभाटा झाला तर आमच्या बायांचं काम बसंल हो.”

त्यांचं ऐकून मला खरंच वाईट वाटलं. मी समजावलं, “माणूस जेल चोळतो आणि धुऊन टाकतो. मासा रात्रंदिवस त्यातच श्वास घेतो. जेल खुशाल विका, फक्त तळ्यात जाऊ देऊ नका.” कोर्टात टिकेल असा पुरावा माझ्याकडे नव्हता, तेही सांगून टाकलं. पाइप मात्र त्याच दुपारी तोडला. धुवणासाठी वेगळा पक्का खड्डा झाला, आणि गट खपेल तेवढंच जेल बनवू लागला. राहुरीकडच्या एका हॅचरीतून नर उसने आणून सीझन कसाबसा रेटला. रावसाहेबांचे नर दुसऱ्या, स्वच्छ तळ्यात हलवले.

पुढच्या पावसाळ्यात रावसाहेबांचा फोन आला. “मॅडम, आलं! पांढरं आलं! लई न्हाई, पन आलं!” काही नर मात्र कधीच सुधारले नाहीत. जेलच्या लेबलावरचा ‘रसायनविरहित’ हा शब्द सुनीताताईंनी आपणहून काढला.

रावसाहेबांचा पुढचा प्रश्न तयारच होता. “आता ह्या राहिलेल्या नरांसाठी पान्यात काय टाकू?”

“काही टाकू नका,” मी म्हटलं.

“कायबी न्हाई? आवं, थोडं तरी?” फुकटचा सल्ला कोणाला पटत नाही, म्हणून एवढं सांगायचीसुद्धा मी फी लावते.