फ्रान्सचे सरदार आणि आमचं आठ एकर

माझं अक्षर सुंदर आहे असं कुणी म्हटलं की अजूनही माझ्या कपाळाला आठी पडते. शाळेत इतिहास शिकवत हयात गेली. फळ्यावरचं माझं लिखाण पुसायला मुलींचा हात धजायचा नाही, आणि मी मात्र तास संपला की आधी डस्टर उचलायची. सहकारी बायका म्हणायच्या, काय बाई विनय! विनय कसला, मला ते अक्षर बघवत नसे. का बघवत नसे, ते आज लिहून टाकते. वडील गेले, ज्यांचं नुकसान झालं तेही गेले. आता उरलेय मी एकटी, आणि माझी भीड धरायचं मला काही कारण दिसत नाही.

पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी नुकती अक्षरं गिरवायला लागले होते. वडील औरंगाबादेत हायस्कुलात इतिहास शिकवायचे. त्यांचं स्वतःचं सगळं शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूतून झालेलं. ॲक्शननंतर पाच-सहा वर्षांत शाळेची भाषा मराठी झाली आणि या गृहस्थांची पंचाईत झाली. घरात मराठी, बाजारात मराठी, पण लिहायला बसले की मराठी अक्षरं अशी वेडीवाकडी यायची की स्वतःचंच लिहिलेलं त्यांना दुसऱ्या दिवशी लागत नसे. पोरांना नोट्स तर द्यायच्या होत्या. मग ते सांगायचे आणि मी लिहायची. औरंगपुऱ्यातल्या आमच्या माडीवरच्या दोन खोल्या, गुलमंडीवरून आणलेल्या जाड पुठ्ठ्याच्या वह्या आणि येरझाऱ्या घालत बोलणारे वडील, एवढंच माझं बालपण.

विषय बहुतेक एकच असायचा, युरोपातले सरदार. अभ्यासक्रमात राजे होते, लढाया होत्या, पण वडिलांचा जीव सरदारांवर. इंग्लंडच्या सरदारांनी राजाला कुरणात गाठून सनदेवर मोहोर कशी उमटवायला लावली, कोणत्या ड्यूकच्या तबेल्यात किती घोडे होते, पोलंडच्या दरबारात एका सरदारानं हात वर केला की सगळा ठराव कसा कोसळायचा, हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा. पोरांना कळावं म्हणून त्यांनी त्या पदव्यांचं मराठी करून टाकलं होतं. ड्यूक म्हणजे सरदेशमुख, काउंट म्हणजे देशमुख, बॅरन म्हणजे पाटील. तपासणीला आलेल्या साहेबांनी ते वाचून तोंडाला रुमाल लावला म्हणे. वडिलांना त्याचं काही वाटलं नाही. आम्ही देशमुख. म्हणजे आम्ही काउंट. हे त्यांनी कधी तोंडानं म्हटलं नाही, पण छावणीच्या बाजारात गोऱ्यांच्या जुन्या खुर्च्या विकायला आल्या तेव्हा त्यातली एक त्यांनी घरी आणली आणि तिच्यावर दुसऱ्या कुणाला बसू दिलं नाही.

रविवारी ते मला छावणीतल्या इंग्रजांच्या जुन्या कबरस्तानात न्यायचे. तिथं कुठल्यातरी लॉर्डाचा धाकटा मुलगा पटकीनं मरून पुरलेला होता. वडील त्या दगडापुढं टोपी काढून उभे राहायचे आणि मला सांगायचे, "विलायतेत जमीन सगळी थोरल्याला. धाकट्यानं पलटणीत जायचं, नाहीतर चर्चमध्ये. म्हणून त्यांची घराणी टिकली. आपल्याकडं भाऊबंदकीनं देशमुख्यांची चटणी झाली." ते स्वतः तीन भावांतले धाकटे होते. विलायतेच्या न्यायानं त्यांना काहीच मिळालं नसतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. त्यांच्याही आलं नसावं.

वाटणीत त्यांना आलं होतं आठ एकर, गावाकडं, नदीकाठी. ती जमीन ते कसत नव्हते. ती कसायचं एक धनगर कुटुंब, दोन पिढ्यांपासून. घरातले काहीजण मेंढरं घेऊन फिरायचे, थोरला शेतात राहायचा. त्या थोरल्याला आम्ही मामा म्हणायचो. मामा बाजाराच्या दिवशी शहरात यायचे, दह्याचं गाडगं आणि ऋतूप्रमाणे हुरडा, वांगी, बोरं घेऊन. वडिलांना मालक म्हणायचे, मला ताईसाब. आणि उंबऱ्याच्या बाहेर, जिन्याच्या वरच्या पायरीवर बसायचे. आत या असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. पायरीवरून ते आमचं लिखाण ऐकत बसायचे.

एकदा कबुतरांचा पाठ चालला होता. फ्रान्सात सरदारांनी हजारोंनी कबुतरं पाळलेली, ती पेरलेलं खाऊन जायची आणि शेतकऱ्याला ती मारायची मुभा नव्हती. मामांनी तंबाखू मळायची थांबवली.

"पाखरू मारायचं बी नाय?"

"नाही. गुन्हा होता."

"मग त्या माणसानं खायाचं काय, मालक?"

वडील हसले आणि मला म्हणाले, लिही, "यामुळे असंतोष वाढला."

त्याच सुमाराला कूळ कायद्याची बोलणी सगळीकडं सुरू होती. जो कसतो त्याच्याकडं जमीन राहणार, पुढं त्याच्या नावावर होणार. काकांची पत्रं येत होती, लवकर हालचाल कर. वडील आठ-दहा दिवस जेवणावरून अर्धवट उठायचे. आणि नेमका तेव्हाच वर्गात त्यांचा धडा आला फ्रान्सच्या राज्यक्रांतीचा. सरदारांनी भर सभेत उठून, एकामागून एक, आपापले हक्क सोडून दिले. कुणी वेठ सोडली, कुणी शिकारीचे हक्क, कुणी ती कबुतरं. हे सांगताना वडिलांनी खरोखर उपरण्यानं डोळे टिपले. मी लिहिलं, "जगाच्या इतिहासात असा त्याग दुसरा नाही." मामा पायरीवर होते. म्हणाले, "लई मोठ्या मनाची माणसं म्हनायची."

पुढं कित्येक वर्षांनी, मी स्वतः तोच धडा शिकवायला लागले तेव्हा, वडील ज्यावरून नोट्स सांगायचे ते इंग्रजी पुस्तक काढून वाचलं. त्या त्यागाच्या पुढच्याच परिच्छेदात लिहिलं होतं की बरेचसे हक्क फुकट सुटलेले नव्हते, शेतकऱ्यानं त्यांचा मोबदला भरायचा होता, आणि भरेपर्यंत जुनं सगळं चालू. त्या परिच्छेदाच्या कडेला वडिलांच्या पेन्सिलीची रेघ होती. त्यांनी तो वाचला होता. मला सांगितला नव्हता. मला इतकी चीड आली की मी पुस्तक रद्दीत घातलं.

तर त्या धड्यानंतरच्या बाजारी वडिलांनी मामांना आत बोलावलं. नुसतं आत नाही, छावणीच्या खुर्चीवर बसवलं. मामा खुर्चीच्या कडेवर कसेबसे टेकले. आईनं चहा आणला. वडील म्हणाले, "नवा कायदा आलाय. कागद नसला की उद्या कुणीही उठून भानगड करील. आपण आत्ताच कागद करून ठेवू. शेत जसं तुझ्याकडं आहे तसंच राहील."

मामा म्हणाले, "तुमी सांगाल तसं."

मग वडिलांनी येरझाऱ्या सुरू केल्या आणि नोट्स सांगायच्या त्याच आवाजात मजकूर सांगितला. मी लिहिलं. "सदर जमीन मला कसणे होत नसल्याने मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, तिचा ताबा मालकास सोडून देत आहे." मी बारा वर्षांची होते. 'सोडून देत आहे' म्हणजे काय, हे बारा वर्षांच्या मुलीला कळतं. माझा टाक थांबला. मी वर पाहिलं. वडील म्हणाले, "कागदाची भाषा अशीच असते. तू अक्षराकडं लक्ष दे." मी अक्षराकडं लक्ष दिलं.

मामांनी अंगठा उठवला. तहसिलात साहेबानं विचारलं, राजीखुशीनं दिलंत का? मामा म्हणाले, "व्हय." आणि वडील रीतीभातीचे माणूस. कागदाची दुसरी प्रत त्यांनी माझ्याकडून लिहून घेतली आणि मामांच्या हातात दिली. देशमुखानं असं काही दडवून करू नये, असं त्यांचं म्हणणं.

तीन-चार वर्षं काहीच बदललं नाही. मामाच कसायचे, दह्याचं गाडगं यायचं. फक्त दरवर्षी तलाठ्याच्या पहाणीत मालक स्वतः कसतो अशी नोंद व्हायची, आणि ती मामांना ठाऊक नव्हती.

मग तो दसरा आला. आमच्याकडं पाटीपूजेला वह्यापुस्तकं मांडलेली, सर्वांत वर सरदारांची वही. वडील मित्रांबरोबर सोनं लुटायला गेलेले. मामा आपट्याची पानं घेऊन आले आणि पायरीवर बसून त्यांनी धोतराच्या सोग्यातून एक फडकं काढलं. फडक्यात तो कागद होता. घडीच्या चारी कोपऱ्यांना हळद लागलेली, मधोमध कुंकवाचा डाग. त्यांच्या घरी दसऱ्याला विळे, कात्री, मेंढरं हाकायची काठी पूजेला लावतात. त्यांच्याबरोबर ते माझा कागद पूजत होते. तीन वर्षं.

"ताईसाब, येवढं वाचून दावा. गावात एक कार्यकर्ता आलाय, त्यो म्हंतो कागद वाचून घ्या. काय उलटं असलं तर अजून अर्ज करता येतुया म्हणं."

"मग त्यालाच का नाही दाखवलात?"

"तुमच्या हातचा हाय. परक्याला कशाला दावायचा?"

मी कागद उलगडला. माझंच अक्षर, गोल, स्वच्छ, एक खाडाखोड नाही. मला तेव्हा पंधरावं संपत होतं. मॅट्रिकनंतर मला कॉलेजात घालायचं वडिलांनी कबूल केलं होतं. आमच्या भावकीत तोवर एकही मुलगी कॉलेजात गेली नव्हती. मी खरं वाचलं असतं तर वडिलांनी मला मारलं नसतं, पण कॉलेजचं नाव पुन्हा काढलं नसतं, एवढं मला पक्कं माहीत होतं. मी मनात हिशेब वगैरे केला नाही. तोंड उघडलं आणि आलं ते असं, "सदर जमीन कूळ जसे कसत आले तसेच पुढेही कसत राहील. मालकाची त्यास हरकत नाही." कागदाची भाषा मला उत्तम येत होती. रोज लिहीतच होते.

मामांनी कागद कपाळाला लावला आणि पुन्हा फडक्यात बांधला.

"मी म्हनलंच त्याला. आमचे मालक तसे न्हाईत. अक्षर बघा, मोत्यावानी."

मी त्यांना सोनं दिलं, त्यांनी मला दिलं. माझ्या पाया पडायला लागले तेव्हा मी मागं सरकले.

गुढीपाडव्याला आम्ही गावी गेलो. अर्जाची मुदत तोवर संपून गेली होती. वडिलांनी आठ एकरांत मोसंबीची बाग लावायचं ठरवलं होतं. दुसऱ्या गावचे दोन गडी आणि बैलं घेऊन ते बांधावर उभे राहिले. मामा घरातून आले, मागून त्यांची बायको, दोन सुना. त्यांना वाटलं गडी चुकून आलेत. वडिलांनी शांतपणे सांगितलं, आता मी स्वतः कसणार. मामांनी भांडण केलं नाही. त्यांनी फडकं सोडलं.

"कागद हाय नव्हं, मालक. ताईसाबनं वाचून दावलाय दसऱ्याला. जसं कसतो तसंच ऱ्हाईल म्हणून."

वडिलांनी कागद घेतला. पूर्ण वाचला, तारखेसकट. मग माझ्याकडं पाहिलं. त्यांना कळायला जेवढा वेळ लागला तेवढाच वेळ मी त्यांच्या नजरेला नजर देऊ शकले. त्यांनी कागदाची घडी जशी होती तशी घातली आणि मामांच्या हातात परत दिली.

मामा माझ्याकडं वळले. आवाज चढवला नाही, रागही नव्हता. "ताईसाब, तुमी असंच वाचलं व्हतं न्हवं?"

मी पायाखालच्या ढेकळांकडं बघत राहिले. त्यांच्या बायकोनं त्यांचा हात धरला आणि ते गेले. पुढल्या वर्षीपासून ते मेंढरांमागं नगरकडं जायला लागले असं ऐकलं. दह्याचं गाडगं पुन्हा आलं नाही.

परतताना बैलगाडीत मी नेहमीसारखी आईजवळ मागं बसायला निघाले, तर वडिलांनी पुढं, स्वतःच्या शेजारी जागा करून दिली. कधी नव्हे ते खांद्यावर हात ठेवला. गावाची शीव ओलांडल्यावर म्हणाले, "शोभतेस घराण्याला." जूनमध्ये माझं नाव कॉलेजात घातलं जाईल, हेही त्याच दमात सांगितलं.

मला लाज वाटली असं लिहिलं तर ते खोटं होईल, आणि खोटं वाचून झालंय माझं. लाज पुष्कळ नंतर आली. त्या गाडीत, वडिलांचा हात खांद्यावर असताना, मला बरं वाटलं.