केस पिळणारी देवी

“अगं, वाट लागली, ही देवी ‘त्यांची’ निघाली. आणि मी मघापासून हात जोडून उभी.”

माझी मैत्रीण हे पलीकडच्या मुलीला सांगत होती. आवाज दबका नव्हता. दोघी हसल्या. मीही हसले.

अंधेरीतल्या एका जुन्या बंगल्यात कुणा हौशी माणसाचं छोटं संग्रहालय होतं. कॉलेजच्या मॅम आम्हा इतिहासाच्या मुलींना तिथे घेऊन गेल्या होत्या. चपला दाराशी काढायला लावल्यामुळे आत देवळासारखं वाटत होतं. कोपऱ्यात लाकडात कोरलेली, हातभर उंचीची देवी होती. गुडघे टेकून बसलेली, लांब केस खांद्यावरून पुढे घेऊन दोन्ही हातांनी पिळणारी. मैत्रिणीनं सवयीनं हात जोडले आणि मला म्हणाली, “पाटी वाच ना, तुझं इंग्लिश झकास आहे.”

मी वाचली. ब्रह्मदेशातली बौद्ध भूदेवी. बुद्धानं जन्मोजन्मी केलेल्या दानाची साक्ष द्यायला ती जमिनीतून वर आली. प्रत्येक दानाच्या वेळी सोडलेलं पाणी तिच्या केसांत साठलं होतं. तिनं केस पिळले आणि त्या पाण्याच्या पुरात बुद्धावर चालून आलेली मार राक्षसाची सेना वाहून गेली. ‘बौद्ध’ म्हणताना माझा आवाज खाली गेला, तरी तो शब्द तिला बरोबर ऐकू गेला.

आमचं घर बौद्ध. आजोबांनी धर्म घेतला तेव्हा गावच्या घरातले सगळे देव नदीत सोडले. घाटकोपरच्या आमच्या चाळीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, कॉलेजात कुणालाच नाही. आडनाव कोकणातल्या गावावरून पडलेलं, शाळा कॉन्व्हेंटची. मैत्रीणही कोकणातली, त्यामुळे तिनं मला आपल्यातलीच धरलं होतं. मी तिला घरी कधी नेलं नाही. दारातून आत येताच समोर बुद्धाची तसबीर दिसायची. संध्याकाळी आई तिच्यापुढे मेणबत्ती लावून मोठ्यानं वंदना म्हणायची आणि आवाज खाली रस्त्यावर जाऊ नये म्हणून मी उठून खिडकी लावून घ्यायचे. आई तशीच पुढे म्हणत राहायची.

“तू बरी गं,” मैत्रीण म्हणाली. “हात जोडलेच नाहीस. तुला आधीच कळलं होतं ना?”

मी मान हलवली, हो की नाही ते तिचं तिनं ठरवावं अशी.

बाहेर पायऱ्यांवर चपला घालताना तिनं तोच किस्सा सगळ्यांना पुन्हा ऐकवला. “मी येडी हात जोडून उभी, आणि ही बघा, कॉन्व्हेंटवाली. लांबूनच ओळखलं हिनं. मला सांगितलंसुद्धा नाही.”

मॅमही हसल्या. एकीनं माझ्या पाठीवर थाप मारली. ते सगळं कौतुक आईच्या तोंडावर खिडकी लावून मिळवल्यासारखं वाटत होतं. चपलेचा पट्टा लागेना. खाली बघतच मी म्हणाले, “मला काही ओळखू आलं नव्हतं. आमच्या घरी देवीला हात जोडत नाहीत. आम्ही बौद्ध आहोत.”