चोपडीत खोडायचं नसतं

मी भांडकुदळ आहे, याबद्दल माझ्या माहेरी आणि सासरी एकमत आहे. असू दे. त्या भांडखोरपणापायीच सोलापुरातल्या काही जुन्या चोपड्या आज जागेवर आहेत.

दुष्काळाची वर्षं नुकती सरली होती. शहरातल्या एका छोट्या दप्तरखान्यात मला हंगामी कारकुनाची नोकरी होती. मुदत तीन-तीन महिन्यांनी वाढायची, तीही साहेबांच्या सहीनं. घरी माझे वडील, अप्पा, अंथरुणाला खिळलेले, उजव्या अंगावरून वारं गेलेलं. जन्मभर त्यांनी अडत दुकानात दिवाणजी म्हणून चोपड्या लिहिल्या. मोडी त्यांनीच मला शिकवली, आणि आम्ही मूळचे अक्कलकोटकडचे, म्हणून कन्नड आकडेही.

दप्तरखान्यात जुन्या पेढ्यांच्या चोपड्या लाल फडक्यांत बांधून फळीवर ठेवलेल्या होत्या. पहिल्या पानावर पाडव्याच्या पूजेचं हळदीकुंकू, आत मोडी अक्षर आणि कन्नड आकडे. त्यातली एकही अप्पांच्या हातची नव्हती. उगाच गोष्ट रंगवत नाही. नव्या साहेबांना मोडीही येत नव्हती आणि कन्नडही. त्यांनी यादी करून शेरा मारला : ‘वाचण्याजोग्या नाहीत. रद्दीत काढाव्यात.’ दप्तर माझ्या ताब्यात, म्हणून खाली माझी सही हवी होती.

“साहेब, मला वाचता येतात की,” मी म्हटलं.

“तुम्हाला येऊन काय उपयोग, बाई? तेलामिठाच्या नोंदी कुणाला हव्यात? सोमवारपर्यंत सही करा. तुमच्या मुदतवाढीचा कागदही माझ्याच टेबलावर आहे.”

अस्सं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तेलामिठाच्या म्हणे! त्यात मोहोळहून आलेल्या ज्वारीच्या गाड्या होत्या, वळसंगच्या बाईनं लेकीच्या लग्नाला नेलेलं लुगडं होतं, कुठल्याशा जुन्या दुष्काळात दुकानाच्या दारात वाटलेल्या कण्या होत्या. राजेरजवाड्यांचे कागद काचेत ठेवायचे, आणि आमच्या माणसांची भाकरी रद्दीत?

घरी अप्पांना सगळं सांगितलं. नोकरी गेली तर औषधाचं काय, हे दोघांनाही कळत होतं. मला वाटलं, म्हणतील, गप सही कर.

“शेरा खोडू नको,” ते म्हणाले. “चोपडीत खोडायचं न्हाय. खोडलं की माणूस लबाड ठरतो. चुकीची नोंद हाय तशी ठेवायची आन् खाली खरी लिहायची.”

सोमवारी साहेबांच्या शेऱ्याखाली मी लिहिलं : ‘वरील नोंद चुकीने झाली. चोपड्या वाचता येतात. मी वाचल्या.’ खाली ठसठशीत सही ठोकली आणि जावक वहीत यादीचा क्रमांक चढवूनच साहेबांकडे गेले.

साहेब लालबुंद. “कागद खराब केलात! नवी यादी करा.”

“क्रमांक पडलाय, साहेब. आता पान फाडता येत नाही.”

यादी तशीच वर गेली. खालची नोंद वाचून वरून रद्दीचा हुकूम आलाच नाही. चोपड्या राहिल्या. माझी मुदत काही वाढली नाही. घरात लई ओढाताण झाली, अप्पांचं एक औषध बंद करावं लागलं, आणि त्याचा संताप मला आजही येतो. पण पस्तावा? अजिबात नाही. अप्पांनाही नव्हता.

मागच्या वर्षी जाऊन बघून आले. चोपड्या फळीवर आहेत. फाईलही काढायला लावली. साहेबांचा शेरा आहे तसा आहे, एक अक्षर खोडलेलं नाही. खाली माझं नाव.

सही करा म्हणाले होते ना? केली की.