थोरल्याच्या कमरेचं माप

मास्तर शिंप्याच्या दुकानात प्रत्येक ढेरपोट्या गिऱ्हाइकाच्या कमरेला दोन आकडे असत. एक तोंडानं सांगायचा, दुसरा कात्रीनं कापायचा. गिऱ्हाईक आरशापुढं उभं, मागं बाकावर आणखी तिघंचौघं टेकलेले, अशा वेळी 'बेचाळीस' म्हणून ओरडलं तर तो माणूस पुन्हा दुकानाची पायरी चढायचा नाही. म्हणून मास्तर म्हणायचा, "चाळीस, बरं का." टेबलाशी बसलेली बायको गुमान बेचाळीस लिहायची. नुसतं 'चाळीस' आलं तर चाळीसच. या 'बरं का'वर दुकान चाललं, पोरगी उजवली, आणि गल्लीतल्या निम्म्या बाप्यांना आपण लग्नात होतो तेवढेच आहोत असं वाटत राहिलं.

मास्तर स्वतः सुतळीसारखा. ओठात कायम टाचण्या धरलेल्या, त्यामुळं बोलणं कमी. दुकान जिन्याखाली, उंच माणसानं आत येताना मान खाली घालायची, नाहीतर टाळकं शेकायचं. दिवसभर इस्त्रीची वाफ आणि जळक्या कापडाचा वास. या माणसाला जगात एकाच माणसाचा धाक होता आणि लळाही त्याचाच होता. तो म्हणजे थोरला भाऊ.

थोरल्याची त्याच रस्त्याच्या टोकाला बेकरी. आईबाप साथीत गेले तेव्हा थोरल्याला मिसरूडही नव्हतं. दुसऱ्याच्या भट्टीवर राबून त्यानं धाकट्याला पोसलं, शिवणकाम शिकायला घातलं, पहिलं मशीन स्वतः डोक्यावरून आणून दिलं. पुढं भट्टी स्वतःची झाली आणि थोरल्याचं पोटही पिठाच्या पोत्यासारखं फुगत गेलं. तोंडानं फाटका, मनानं मोकळा. हसला की रस्त्याच्या या टोकाला ऐकू यायचं.

अशात मोठ्या सरकारी हॉस्पिटलातल्या एक डॉक्टर मॅडम संशोधनासाठी आल्या. कुणाला काय दुखणं होणार, ते व्हायच्या आधीच ओळखायचं, असं त्यांचं काम. रक्त घ्यायचं, दाब बघायचा, कंबर मोजायची, घराण्यात कोण कशानं गेलं ते विचारायचं. मग यंत्र गणित करून कार्ड देणार. लाल म्हणजे लगेच हॉस्पिटलात या, गोळ्या सुरू. पिवळं म्हणजे जपून राहा. हिरवं म्हणजे धोका कमी, निवांत राहा. पुढं दर वर्षी येऊन कोण टिकलं, कोण पडलं ते बघायचं, म्हणजे गणित किती खरं ते कळतं.

"मग ज्योतिषीच बोलवा की," थोरला म्हणाला होता. "तो निदान सुई तरी टोचत नाही."

मॅडमची अडचण कमरेपाशी झाली. बाप्ये मॅडमच्या हाताखालच्या परक्या पोरांपुढं शर्ट वर करीनात, केला तरी पोट आत ओढून उभे राहायचे. कुणीतरी मास्तरचं नाव सुचवलं. मॅडमनी त्याला शिकवलं: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, टेप उघड्या अंगावर, श्वास सोडल्यावर, आणि इंच नव्हे, सेंटिमीटर. मास्तरनं दोन दिवसांत हात बसवला. गल्लीतल्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत मधे पडदा टाकला. अलीकडं मास्तर बाप्यांची मापं घ्यायचा, पलीकडं त्याची बायको बायकांची. मास्तर आकडा सांगायचा आणि मॅडमच्या हाताखालची, टॅब घेऊन बसलेली पोरगी तो टाकायची. इथं दुकान नव्हतं. जे टेपवर ते तोंडात. कुणी हिरमुसला तर हिरमुसला.

थोरला आला तो भट्टीवरच्या गड्यांना घेऊन, आणि त्यांच्यामागं त्याचा नवा व्याही. थोरल्याच्या पोरीचं लग्न होऊन वर्षही झालेलं नव्हतं. थोरल्यानं शर्ट वर केला तसा व्याही म्हणाला, "मास्तर, टेप पुरेल ना? का दोन जोडायचे?"

खोली हसली. थोरलाही हसला, पण मास्तरला त्याचे कान दिसले. भट्टीच्या तोंडासारखे लाल झाले होते.

"दादा, श्वास सोड."

"सोडलाय की."

सोडला नव्हता. तरी टेपवर एकशे दहा आले. मास्तरनं ते बघितलं, आणि तोंडातून निघालं, "अठ्ठ्याण्णव, बरं का."

पोरीनं अठ्ठ्याण्णव टाकले. थोरल्यानं शर्ट खाली ओढला आणि व्याह्याकडं बघून म्हणाला, "चला, आता तुमचा नंबर. बघू कुणाला टेप जोडावा लागतो." पडद्यापलीकडं मास्तरच्या बायकोचा हात थांबला होता.

घरी आल्यावर तिनं विचारलं, "दादांचं ते दुकानातलं माप होतं ना?"

"हं."

"मग त्या पोरीला काय कळणार? तिला सांगायला नको?"

"सांगतो उद्या."

उद्या गेलं नि परवाही गेलं. सांगायचं म्हणजे मॅडमपुढं खोटेपणा कबूल करायचा. एक खोटं म्हटल्यावर त्या बाकीची मापं कशाला ठेवतील? सगळी मापं गटारात, आणि शिंप्याच्या मापावर कुणी थुंकणारसुद्धा नाही. मास्तर गप्प राहिला, आणि थोरल्याला हिरवं कार्ड आलं.

थोरल्यानं ते भट्टीजवळ भिंतीला खिळा ठोकून लावलं. लेकीच्या कटकटीनं तो सकाळी पुलापर्यंत चालायला जायला लागला होता, ते त्या दिवसापासून बंद झालं. "सरकारी हिरवं आहे," तो गिऱ्हाइकांना सांगायचा. "आता काय पळत सुटू?" मधेच त्याला धाप लागायची, पोत्यावर बसायचा, आणि म्हणायचा, पीठ उडतंय.

मास्तरचा जीव वरखाली व्हायला लागला. एका दुपारी तो बेकरीत गेला.

"दादा, परत एकदा माप घ्यावं म्हणतोय."

"का रे? वर जायचा कोट शिवतोस का?"

"तसं नाही. मापात जरा काहीतरी..."

"तुझ्या मापात?" थोरला मोठ्यानं हसला. गड्यांना म्हणाला, "ऐकलं का? ज्याच्या मापावर लोक डोळे झाकून कापड टाकून जातात, तो म्हणतो मापात काहीतरी!" मग आवाज खाली आणून, "तू मोजलंस म्हणूनच मी त्या कार्डाला मानलं. नाहीतर चुलीत घातलं असतं. जा, जाताना पाव घेऊन जा, गरम आहे."

मास्तर गरम पाव काखेत मारून परत आला. बायकोनं त्याच्या तोंडाकडं बघितलं नि पाव कापायला घेतला.

थंडी सरता सरता थोरला भट्टीपुढंच कोसळला. पहाटेचा माल काढत होता. लांब दांड्याची फावडी हातातच राहिली. गड्यांनी उचलून टेम्पोत घातला. हॉस्पिटलात डॉक्टरांनी फक्त डोळ्यांवर उजेड मारून बघितला.

दहावं-तेरावं झाल्यावर मॅडम स्वतः आल्या, सोबत टॅबवाली पोरगी. त्यांना नोंद करायची होती. मॅडम जिन्याखाली वाकून आत आल्या, स्टुलावर बसल्या, नि म्हणाल्या, "मास्तर, वाईट वाटलं. पण हिरव्यातलेही काही जातात. शंभरात दोन-तीन. ते आम्ही गणितात धरलेलं असतं."

मास्तरनं तोंडातल्या टाचण्या एक-एक काढून उशीला टोचल्या.

"तो हिरव्यातला नव्हता," तो म्हणाला, आणि सगळं सांगून टाकलं.

मॅडमनी पोरीच्या हातातला टॅब स्वतःकडं घेतला. मग विचारलं, "अशी आणखी किती?"

"ते एकच."

"हे मी कशावरून मानू?"

मास्तरनं गळ्यातला टेप काढून त्यांच्यापुढं ठेवला. दुसरी माणसं आली आणि सगळ्या बाप्यांच्या कमरा नव्यानं मोजल्या. गल्लीत बोभाटा झाला. काहींनी शिवायला टाकलेलं कापड परत नेलं. व्याही रस्त्यात तोंड फिरवून जायला लागला. वहिनीला कुणी सांगितलं कोण जाणे. ती दुकानात आली, दारातच उभी राहिली. "त्यांच्या पट्ट्याला नवं भोक मीच पाडत होते दर वर्षी," ती म्हणाली. "मला विचारलं असतं कुणी, तर मी सांगितलं असतं." आणि निघून गेली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मास्तरला बरं वाटलं असतं.

मॅडम टॅबवाल्या पोरीला घेऊन परत आल्या तेव्हा मशीन बंदच होतं.

"बाकीची मापं बरोबर निघाली," त्या म्हणाल्या. "इकडंतिकडं बोटभर. ती आम्ही ठेवतोय."

"म्हणजे एवढ्या माणसांत मी एकट्या दादालाच फसवलं," मास्तर म्हणाला. मग म्हणाला, "मॅडम, एकशे दहा टाकून बघा. कार्ड कुठलं आलं असतं?"

"आता त्यानं काय होणार?"

"बघा तरी."

मॅडम टाळत होत्या, पण तो टॅबसमोरून हलेना. शेवटी त्यांनी पोरीकडं बघून मान हलवली. पोरीनं जुने आकडे काढले, कंबर बदलली, बटण दाबलं. मास्तर मनातल्या मनात लाल मागत होता. लाल आलं तर आपण भावाला मारलं, एवढं तरी ठाम होईल. नाहीतर हिरवंच येऊ दे, म्हणजे सुटलो.

"पिवळं," पोरगी म्हणाली.

"पिवळ्याला गोळ्या?"

"नाही हो काका. पिवळ्याला फक्त सांगतो. रोज चाला, मीठ कमी करा, वर्षानं परत या."

मॅडम उठल्या. जाताना म्हणाल्या, "नुसत्या पिवळ्या कार्डानं कोण वाचलं असतं, हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही, मास्तर. पिवळं घेऊन चालणारे फार थोडे."

त्या गेल्यावर मास्तर बंद मशीनपुढं बसला. बायको अर्ध्या बाहीला टाके घालत होती.

"दादा काय चालणार होता?" तो म्हणाला. "कुणाचं ऐकायचा का तो? लेकीचं नाही, वहिनीचं नाही, डॉक्टरचं तर नाहीच. पिवळं कार्डसुद्धा खिळ्यालाच टांगलं असतं त्यानं."

बायकोनं दोरा दातानं तोडला.

"तुम्ही सांगितलं असतंत, तर चालले असते," ती म्हणाली.