बंद गाडीचं फाटक

फाटकमामांचं आडनाव फाटक नव्हतं. एकतीस वर्षं रेल्वेच्या एका आडबाजूच्या फाटकावर ड्युटी केली, म्हणून ते नाव चिकटलं. इतकं चिकटलं की निवृत्त होऊन ते बहिणीकडे राहायला आले, तेव्हा पोस्टमनने त्यांच्या खऱ्या नावाचं पत्र 'या पत्त्यावर असा इसम नाही' म्हणून परत पाठवलं. मामांनी तक्रार केली नाही. नियमाने बरोबरच होतं, म्हणाले.

माणूस सरळ. पण सरळपणालाही काही मर्यादा हवी की नाही? बहिणीने एकदा दूध गॅसवर ठेवलं आणि "दादा, जरा लक्ष ठेव" म्हणून ती शेजारी गेली. मामांनी लक्ष ठेवलं. दूध वर आलं, उतू गेलं, ओट्यावरून खाली आलं. मामा बघत होते. बहीण आली तेव्हा त्यांनी दूध किती वाजून किती मिनिटांनी उतू गेलं ते बिनचूक सांगितलं. गॅस बंद करायला तिने सांगितलं नव्हतं. तिने कपाळावर हात मारला, आणि पुढे दोन वर्षं मामांना घरात कसलंच काम मिळालं नाही. ते खिडकीत बसून राहत आणि दिवसेंदिवस बारीक होत चालले.

मग त्या उन्हाळ्यात भाचीला इंटर्नशिप लागली.

बँकेत, पण पासबुक भरून देणाऱ्या नव्हे. ही बँक एकाची कंपनी दुसऱ्याला विकून देई आणि मधल्यामध्ये आपला वाटा घेई. बँकेचं ऑफिस दूरच्या शहरात होतं, आणि निवडलेल्या बारा मुलामुलींनी दहा आठवडे आपापल्या घरूनच काम करायचं होतं. शेवटी बारातल्या दोघांना कायमची नोकरी मिळणार होती. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून भाचीने या एका नोकरीचा ध्यास घेतला होता. तिच्या आईने ही बातमी सगळ्या इमारतीला सांगितली, आणि इमारत सोडून गेलेल्यांना फोन करून सांगितली.

घरात इंटरनेट धड पोचे ते फक्त वॉशिंग मशीनच्या कोपऱ्यात. तिथे इस्त्रीचं टेबल उघडून भाचीने ऑफिस थाटलं. नळाच्या तोट्या बनवणारी एक कंपनी विकायची होती. गुप्तता म्हणून तिला 'गरुड' असं टोपणनाव दिलेलं होतं. भाचीने गरुडाची चौऱ्याऐंशी पानांची फाइल बनवायची आणि बँकेतल्या साहेबांनी दुरुस्त्या सांगायच्या. बोधचिन्ह थोडं डावीकडे. दुसऱ्या दिवशी, थोडं उजवीकडे.

पण खरी गोम होती ठिपक्यात. स्क्रीनवर प्रत्येकाच्या नावापुढे एक हिरवा ठिपका असे. पाच मिनिटं माउस हलला नाही की तो पिवळा होई, आणि पिवळा झाला की साहेबांचा निरोप येई. निरोप म्हणजे एकच प्रश्नचिन्ह. सकाळी नऊ ते रात्री नऊ ठिपका हिरवा हवा, असं नियमात कुठेच लिहिलेलं नव्हतं, म्हणून सगळे तो नियम जिवापाड पाळत.

पहिल्या आठवड्यात भाची आंघोळीला गेली की तिची आई माउस चालू वॉशिंग मशीनवर ठेवी. ठिपका हिरवा राही. पण एकदा कपडे पिळताना मशीन असं काही थरथरलं की माउसने स्वतःहून साहेबांना फोन लावला आणि साहेबांनी चार मिनिटं चादरी पिळल्याचा आवाज ऐकला. तुमच्याकडे बांधकाम चालू आहे का, असं त्यांनी विचारलं.

त्या दिवशी मामा खिडकीतून उठून आले. त्यांनी तो ठिपका जवळून पाहिला.

"हा दिवा हिरवा ठेवायचा ना?" ते म्हणाले. "मग मशीन कशाला? मी आहे की."

दुसऱ्या दिवसापासून मामा सकाळी सातला दाढी करू लागले. त्यांनी नोंदवही आखली: तारीख, वेळ, चार्ज दिला, चार्ज घेतला, शेरा. भाची पाणी प्यायला उठली तरी "चार्ज घ्या" म्हणे, मामा "घेतला" म्हणत आणि स्टुलावर बसून दर मिनिटाला माउस एकेक बोट सरकवत. इकडचं बोट तिकडे नाही. त्यांना भूक लागू लागली, झोप लागू लागली, बहिणीशी ते दूध सोडून इतर विषयांवर बोलू लागले. माणूस कशाने तरतरीत होईल, सांगता येत नाही. भाची आता निवांत आंघोळ करी, पण जेवण मात्र ताट मांडीवर घेऊन मशीनपाशीच. साहेबांचा कधी अचानक कॉल आला तर? त्यामुळे ताट निम्मं तसंच परत जाई.

सातव्या आठवड्यात मामांनी वहीत एक नवा रकाना आखला. कोणी फाइल कधी उघडली, त्याची यादी फाइलच्या खालच्या कोपऱ्यात दिसे. मामांना अशा याद्यांची गोडी. चार दिवस त्यांनी ती उतरवून घेतली, मग त्या यादीची मागची पानं चाळली, आणि मग भाचीला हळूच म्हणाले, "बाळ, तिसऱ्या आठवड्यापासून ही फाइल तुझ्याशिवाय कोणीच उघडलेली नाही."

साहेब रोज दुरुस्त्या सांगतात, म्हणजे बघत असणारच, असं भाचीचं म्हणणं. न बघताही डावीकडे-उजवीकडे सांगता येतं, असं मामांचं.

"रुळावर गाडी जाते ना, तो रूळ वरून चकचकीत असतो," मामा म्हणाले. "गाडी बंद झाली की आठ दिवसांत गंज धरतो. या रुळावर गंज आहे."

भाची चिडली. ही बँक आहे, तुझं फाटक नाही, असं ती बोलून गेली, आणि लगेच तिला वाईट वाटलं. साहेबांना विचारायची तिची छाती नव्हती. तीन आठवडे उरलेले, विचारलं आणि त्यांना राग आला तर? मामा गप्प बसले. गप्प बसण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांनी चार्ज घेतला आणि माउस सरकवला.

शेवटच्या शुक्रवारी दुपारी एकला साहेबांचा कॉल आला. मामा कॅमेऱ्यात दिसू नयेत म्हणून मशीनआड उभे होते, बहीण दाराआड. साहेबांनी सांगितलं की दहा आठवड्यांत एकदाही, एका मिनिटासाठीही, ठिपका पिवळा न झालेली इंटर्न बँकेच्या इतिहासात ही पहिलीच. संगणकाने तिचंच नाव वर काढलं आहे. नोकरी पक्की. पाचपर्यंत होकार कळव.

दाराआडची बहीण तेवढं ऐकून जिन्यात पोचलीसुद्धा. भाचीचे डोळे भरून आले. आनंदाच्या भरात तिने विचारलं, गरुडाचं काय झालं?

साहेबांना जरा आठवावं लागलं. गरुड तिसऱ्या आठवड्यातच बारगळला होता. तोट्यांच्या मालकाने कंपनी जावयाला देऊन टाकली. पण काम थांबवायचा लेखी हुकूम वरून आलेला नाही, तेव्हा फाइल चालू राहील. सोमवारपासून तीच पुढे ने. आणि हो, बोधचिन्ह थोडं डावीकडे.

कॉल संपला. भाची त्या चौऱ्याऐंशी पानांकडे बघत बसली. खालून जिन्यातून तिच्या आईचा आवाज येत होता. मामा मशीनआडून बाहेर आले आणि स्टुलावर बसले. जे त्यांनी कोणाला, अगदी बहिणीलाही सांगितलं नव्हतं, ते त्या दिवशी सांगितलं.

"माझ्या लाइनवरची गाडी शेवटची चार वर्षं बंद होती. फाटक काढायचा हुकूम आला नव्हता, म्हणून मी बसत होतो. वेळेवर फाटक पाडायचो, दहा मिनिटांनी उचलायचो. मधे बैलसुद्धा उभा नसायचा."

"चार वर्षं? आणि कोणाला बोलला नाहीस?"

"कोणी विचारलं नाही. पगार येत होता." मामांनी वही मिटली, उघडली. "तुझी आजी शेवटची आजारी होती तेव्हा रजा मागितली. फाटक उघडं टाकता येत नाही, म्हणाले, रिलीफला, तुझ्या जागी बसायला, माणूस नाही. मला माहीत होतं, गाडी येणार नाहीये. तरी मी बसलो. आई गेली तेव्हा मी फाटक पाडून उभा होतो. हातात हिरवी झेंडी."

मामा रडत नव्हते, आणि तेच भाचीला बघवत नव्हतं. मग मामांनी विचारलं, "तुझ्या त्या नोकरीत रिलीफचं काय लिहिलंय?"

तिने नेमणुकीचं पत्र वरपासून खालपर्यंत वाचलं. रिलीफचं काही नव्हतं. तिने साहेबांना लिहिलं: मी जेवायला उठले तर माझ्या जागी कोण? उत्तर लगेच आलं. एक प्रश्नचिन्ह.

भाची हसली. मग तिने आणखी एक ओळ लिहिली, सोमवारपासून मी येणार नाही, आणि दोनदा वाचून ती पाठवली. तीन वर्षांचा ध्यास होता, काही गंमत नव्हे. ती उठली.

मामांनी सवयीने विचारलं, "चार्ज?"

"कोणालाच द्यायचा नाही, मामा. हात काढ."

मामांनी माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. आत बहीण परत आली होती. काय झालं ते कळून तिने आधी भाचीला, मग मामांना, मग आपल्या नशिबाला बोल लावले, आणि बोलता बोलताच ताटं वाढायला घेतली. पाचव्या मिनिटाला ठिपका पिवळा झाला. सहाव्या मिनिटाला भाचीचा फोन वाजला. साहेबांनी निरोप काही वाचला नव्हता, ठिपका तेवढा पाहिला होता.

मामांनी फोन उचलला. "फाटकावरून बोलतोय."

तिकडून विचारणा झाली की ठिपका पिवळा का.

"ठिपका पिवळा का, असं विचारलंत," मामांनी रेल्वेच्या नियमाप्रमाणे वाक्य परत म्हणून दाखवलं. "कामावरचं माणूस जेवायला गेलंय."

"किती वेळ?"

"पोट भरेपर्यंत. त्यानंतर ती येणार नाही. तसं लिहून पाठवलंय, बघा."

मग साहेबांनी, अगदी हळू आवाजात, तुम्ही कोण म्हणून विचारलं.

"रिलीफ," मामा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मग त्यांनी वहीत वेळ लिहिली आणि शेऱ्यात लिहिलं: दिवा पिवळा, लाइन बंद. 'चार्ज घेतला' या रकान्यासमोर पेन थोडं थांबलं. आतून बहिणीने हाक मारली, "दादा, पानं वाढली आहेत." मामांनी इकडेतिकडे पाहिलं. चार्ज घ्यायला कोणीच नव्हतं. त्यांनी तो रकाना कोरा ठेवला, आणि उठून जेवायला गेले.